बापाला देव करू नका

अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर जो तो धीर देऊन जायचा. चहाचा कप रिकामा होईपर्यंतही तो धीर टिकत नसे. मग एका रात्री नरेंद्र जाधवांचं ‘आमचा बाप आन् आम्ही’ हाती घेतलं. १९९३ सालचं पुस्तक. ओझरहून मुंबईला आलेले, पोर्ट ट्रस्टमध्ये राबलेले, शिक्षण जेमतेम असलेले जाधवांचे वडील दामू निवृत्तीनंतर स्वस्थ बसेनात, म्हणून मुलानं त्यांना आठवणी लिहायला बसवलं.

प्रेरणादायी म्हटलं की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. पण इथे बापाची आरती नाही. तो हट्टी आहे, तापट आहे, आणि तरीही झुकत नाही. मला तेवढंच हवं होतं. आमचे अण्णाही काही संत नव्हते. कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर दुधाचा हिशेब, खाडे लाल शाईनं वजा, आणि रुपयाभराच्या फरकावरून दूधवाल्याशी तासभर हुज्जत. ती हुज्जत आता बिनदिक्कत आठवतो, हसूही येतं.

तुमचे आईवडील असतील तर त्यांना आठवणी लिहायला एक दोनशे पानी वही आणून द्या. शुद्धलेखन मात्र तपासू नका.