काटा आपला, जिनिंग दुसऱ्याचं

शेतकरी उत्पादक कंपनी उभी राहिली की पहिल्या-दुसऱ्या बैठकीतच जिनिंगचा विषय निघतो. राळेगाव असो, घाटंजी असो की वणी, आपल्या कापसाला आपलंच जिनिंग हवं असं संचालकांना वाटतं. ती ओढ मला समजते. पण अशा कंपन्यांची घडी बसवून देण्याचं काम करताना मी आधी हंगाम विचारतो. कापूस दिवाळीच्या आसपास यायला लागतो, मार्चपर्यंत आवक सरत येते. मग यंत्र थांबतं. कर्जाचा हप्ता आणि चौकीदाराचा पगार थांबत नाही. 170 किलोंच्या एका गाठीला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. सभासद खरोखर किती आणतील हे कागदावर मांडलं की बहुतेक वेळा कळून चुकतं : जिनिंग ठरवून घ्यावं, बांधू नये.

यात कमीपणा नाही. 1972 मध्ये राज्याने कापूस एकाधिकार खरेदी सुरू केली, तेव्हा पणन महासंघानेही रुई काढण्याचं काम सहकारी आणि खासगी जिनिंगांकडून करून घेतलं. भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) आजही तेच करतं.

काटा मात्र कोणाला द्यायचा नाही. सभासदाची गाडी आली की वजन, ओलावा आणि प्रत कंपनीच्याच माणसाने बघायची. वरच्या थरात हात घालून भागत नाही. मधला, तळाचा कापूस काढून मीटर लावावा लागतो. 8 टक्के ओलाव्यापर्यंत हमीभाव पूर्ण, पुढे कपात, 12 च्या वर खरेदीच नाही. ओलाव्याचा आकडा सांगणारा माणूस जिनिंगवाल्याचा असेल, तर शेतकऱ्याने कंपनीकडे यावंच कशाला?

उताऱ्याचंही तसंच. क्विंटलमागे 33 ते 35 किलो रुई, बाकी सरकी आणि थोडी घट. करारात मजुरीचा दर सगळेच लिहितात. उतारा कोणी मोजायचा, सरकी कोणाची, घट किती धरायची, हे राहून जातं. ही कलमं मी दराच्या आधी लिहायला लावतो.

लेखापरीक्षण, विवरणपत्रं यवतमाळच्या सीएकडे खुशाल द्यावीत. पण जिनिंगसाठी मोठ्या कर्जाला तयार असलेले संचालक काट्यावरच्या पोराला पगार द्यायची वेळ आली की हात आखडतात, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून अंदाजपत्रकात त्याचा पगार मी सगळ्यात वर मांडतो, आणि कमी करायचाच असेल तर आमसभेत सभासदांसमोर करा म्हणतो.