तपोवनची सतरंजी

आमच्या माळ्यावर एक सतरंजी आहे. लाल-निळ्या पट्ट्यांची. लाल आता विटकरी झालंय आणि निळं राखाडी. एका कोपऱ्याला ओळीनं चार बारीक भोकं आहेत, शेकोटीच्या ठिणग्यांची. एका बाजूच्या दशा सुटल्यात. मुलगी मागच्या वर्षी ट्रेकला निघाली तेव्हा मी हौसेनं काढून दिली. तिनं एका हातानं उचलून पाहिली आणि म्हणाली, "आई, सगळ्या सॅकपेक्षा हीच जड आहे." तिच्याकडे सुरळी करून बाजूला लटकवायची फोमची मॅट होती. तिचं बरोबरच होतं. सतरंजी परत माळ्यावर गेली.

ही सतरंजी घरात आली तीच भांडण घेऊन. १९८१ साल. आम्ही तेव्हा अमरावतीला होतो. बाबा एका रविवारी सायकलच्या कॅरिअरवर तिची गुंडाळी बांधून आले. आजीनं हात लावून पाहिला, विणकरानं मोजल्यासारखे धागे चाचपले, "चांगली घट्ट हाय" म्हणाली. मग विचारलं, "कोठून आणली?" बाबा म्हणाले, "तपोवनातून." आजीनं हात असा काही मागे घेतला, की अजून डोळ्यांपुढे आहे. ती सरळ नळावर गेली आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले.

तपोवन म्हणजे दाजीसाहेब पटवर्धनांचं कुष्ठधाम. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये अमरावतीच्या वेशीबाहेर ते उभं केलं. भीक घालून पुण्य मिळवण्यापेक्षा या माणसांच्या हाताला काम द्यावं, असा त्यांचा हिशेब. म्हणून तिथं शेती होती, हातमाग होते. शहरातली माणसं दाजीसाहेबांचं नाव आदरानं घ्यायची, तपोवनातली वस्तू मात्र घरात आणताना दहादा विचार करायची. आजी काही वेगळी नव्हती. "थे बाहेर ठेव. पोट्ट्याईले बसू देऊ नको तिच्यावर," एवढंच म्हणाली. बाबा मायशी वाद घालणारे नव्हते. त्यांनी सतरंजी ओसरीतल्या खुंटीवर टाकली. रात्री मला म्हणाले, "ज्याच्या बोटाला दोरा लागला तरी कळत नाही, त्यानं इतकी सरळ पट्टी ओढली आहे. बघ तरी."

घरात जागा नाही म्हणून ती बाहेरची झाली, आणि बाहेरची झाली म्हणून माझी. सहलीला, लग्नाच्या वऱ्हाडात, जिथं जमिनीवर पडायचं तिथं हीच न्यायची. तिचा पहिला मोठा प्रवास मोझरीचा. बाबा गुरुदेव सेवा मंडळाचे. तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला ते दरवर्षी नागपूर रस्त्यावरच्या गुरुकुंजात पंगतीत वाढायला जायचे. नऊ वर्षांची असताना मलाही घेऊन गेले. मंडपात सतरंजी अंथरली, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या हातात पाण्याची झारी दिली. मी जोशात निघाले आणि दिसेल तो पेला भरत सुटले. एक म्हातारे शेतकरी पेल्यावर तळहात आडवा धरून म्हणाले, "आंधी इचार वं माय, मंग वत." मला फार अपमान वाटला. मी झारी तिथंच ठेवली आणि सतरंजीवर जाऊन रुसून बसले.

त्याच संध्याकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी सगळं थांबलं. महाराज गेले ती ही वेळ, ११ ऑक्टोबर १९६८ ची. हजारो माणसं उभ्या जागी गप्प. वाढपी हातात वाढपासकट, पोरं कडेवर, रस्त्यावरचे चहावालेही. एवढ्या माणसांचं गप्प बसणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. हो, ऐकलं नव्हतं असंच म्हणायला हवं. कुठलं तरी तान्हं मूल तेवढं रडत होतं.

पुढे बाबांची बदली अकोल्याला झाली. कॉलेजात मी राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातलं, ते खरं सांगायचं तर दहा गुणांसाठी आणि काही दिवस घराबाहेर राहायला मिळतं म्हणून. आमचं विद्यापीठ तेव्हा नुसतं अमरावती विद्यापीठ होतं. संत गाडगेबाबांचं नाव त्याला नंतर मिळालं. शाळेत न गेलेल्या माणसाचं नाव विद्यापीठाला देणं ही वऱ्हाडालाच सुचावी अशी गोष्ट. शेणगावात जन्मलेला हा माणूस गावात शिरला की आधी खराट्यानं गाव झाडायचा आणि मग रात्री कीर्तनाला उभा राहायचा. आमच्या शिबिरात उलटं होतं. आधी उद्घाटन, पाहुण्यांची भाषणं, हारतुरे. झाडणं दुसऱ्या दिवशी.

१९९३ चा डिसेंबर. शिबिर अकोल्याच्या उत्तरेला, खारपाणपट्ट्यातल्या एका खेड्यात होतं. हा पट्टा ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून पटत नाही. पूर्णेच्या दोन्ही अंगांना मैलोगणती काळी सपाट जमीन, गाळाचा खोलच खोल थर, आणि त्या थरात मुरलेलं मीठ. विहीर खणा, बोअर मारा, पाणी लागतं; पण तोंडात घेववत नाही. विहिरीनं ओलीत करावं तर जमीन बिघडते. डिसेंबरात शिवारभर हरभरा डवरलेला होता, तोही पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर. पहिल्या दिवशी आम्हीच स्वयंपाकाला बसलो. गावातल्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ टाकली. तास झाला, दीड तास झाला. डाळ पातेल्यात खडे टाकल्यासारखी खुळखुळत होती. वर पाणी, खाली डाळ, दोघांची ओळख नाही. शेवटी एक बाई आली, पातेल्यात डोकावली आणि हसत म्हणाली, "खाऱ्या पान्यात वरन शिजते का कधी?" ती गेली आणि थोड्या वेळानं एक गुंड भरून पाणी घेऊन आली. त्या पाण्यात वरण झालं. चहाही झाला. मग रोज सकाळी शाळेच्या दारात गोड्या पाण्याचे दोन गुंड येऊ लागले, आणि आम्ही चाळीस पोरं-पोरी ते पिऊन शोषखड्डे खणू लागलो, भिंतींवर म्हणी लिहू लागलो.

चौथ्या दिवशी मला पहाटे जाग आली. थंडीनं सतरंजीतून जमीन अंगात शिरत होती. बाहेर आले तर तीच बाई दोन गुंड डोक्यावर, एक कमरेवर घेऊन शिवाराकडून येत होती. मी विचारलं, "मावशी, कोठून आणता?" तिनं हनुवटीनंच दूरचं, नदीपलीकडचं गाव दाखवलं. "आन घरी?" "घरी थेच, इहिरीचं. आमाले सवय हाय ना वं." म्हणजे चाळीस शिकलेल्या पोरांनी गावाला स्वच्छता शिकवावी म्हणून ही बाई अंधारात उठून आमच्यासाठी गोडं पाणी वाहत होती आणि स्वतःच्या लेकरांना खारं पाजत होती. मोझरीचा तो आडवा तळहात मला त्या क्षणी आठवला. आम्ही विचारलंच नव्हतं. कुणी विचारलं असतं, तर गावानं शोषखड्डा मागितला असता का?

त्या दिवसापासून आम्ही काही मुली तिच्याबरोबर पाण्याला गेलो. तीन दिवस. त्यानं काही बदललं नाही. मुलं म्हणाली, हे कामाच्या यादीत नाही. माझ्या डोक्यावरचा गुंड अर्ध्या वाटेत अर्धा सांडायचा आणि मावशी मागून म्हणायची, "जमिनीले पाजून रायली का वं?" पुढे काही वर्षांनी वान धरणावरून ८४ खेडी योजनेचे नळ त्या भागात गेले. आमच्या खड्ड्यांचं काय झालं म्हणून मी एकदा पाहून आले. दोन बुजले होते. एकात कोंबडी अंड्यांवर बसली होती.

मेळघाटाचा रस्ता मी १९९८ च्या पावसाळ्यात धरला. तिथल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी १९९३ पासून महाराष्ट्र हलला होता. पुण्याच्या 'मैत्री' संस्थेनं १९९७ पासून पावसाळ्यात स्वयंसेवकांच्या तुकड्या पाठवायला सुरुवात केली होती, आणि आमच्या भागातूनही माणसं निघू लागली होती. अशाच एका तुकडीत मी. तेव्हा मी शाळेत शिकवत होते, लग्न जमत नव्हतं, आणि आजीच्या मते त्याचं कारण एकच होतं, "पोरगी गुंडाळी बगलेत मारून गावोगाव हिंडते." गुंडाळीचं नाव मात्र ती अजूनही घेत नव्हती.

परतवाडा सोडलं की घाट चढतो. सेमाडोहच्या पुढे हतरूकडच्या रस्त्यावर जीप थांबली, कारण पुढे रस्ता नव्हता, नाला होता. बांबू टेकत, एकमेकांची मनगटं धरून तो ओलांडला. अकोल्याच्या पोरीला वाहतं पाणी कमरेला लागणं म्हणजे काय, हे तोवर ठाऊक नव्हतं. पायाखालचा दगड सरकतो तेव्हा माणूस देवाचं नाव घेतो म्हणतात; मी आईला शिवी दिली, का ते कळत नाही. समोर कोरकूंचं गाव, मधे सरळ रस्ता आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या रांगा. काम साधं होतं. रोज घरोघर जायचं, ताणकाट्याला झोळी अडकवून लेकरांची वजनं घ्यायची, हगवण असेल तर मीठ-साखर-पाण्याचं मिश्रण करून दाखवायचं, आणि फारच वाटलं तर दवाखान्यात पोचवायचं.

मिश्रण दाखवण्यात माझी मास्तरकी उफाळून यायची. मी सांगायचे, बाया मान डोलवायच्या. सहाव्या दिवशी कळलं, त्या पाहुणीचा मान राखायला डोलवत होत्या. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. संथाळीची लांबची बहीण, मराठीची कुणी नाही. मला तोवर दोनच शब्द आले होते. 'डा' म्हणजे पाणी, 'जोम' म्हणजे खाणं. एवढ्या भांडवलावर मी आरोग्यशिक्षण करत होते.

एका घरात आठ महिन्यांचा मुलगा होता. वजन चार किलो सहाशे. डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. आम्ही आईला कसंबसं पटवलं. नाल्यापलीकडे जीपच्या मागच्या पत्र्यावर सतरंजी अंथरली, तिच्यावर ती मुलाला मांडीत घेऊन बसली. दुसरे दोघे तिच्याबरोबर गेले. माझे दहा दिवस संपले होते, शाळेची रजा संपली होती. मी अकोल्याला परत आले. माझ्या वहीत मुलाचं वजन आहे. आईचं नाव नाही.

दीड महिन्यानं शाळेतून घरी आले तर आजी ओसरीत बसून वाती वळत होती. सतरंजीवर. मी चप्पल काढायची थांबले. पुढच्या तुकडीतला कुणी मुलगा अकोल्यावरून जाताना ती देऊन गेला होता. आजी म्हणाली, "वल्ली होती. वाळत घातली. कोनं तरी धुऊन धाडली बापा, कायी सोडा ना साबन, नुसती आपटून आपटून." चिठ्ठी तिनं डब्याखाली ठेवली होती, तिला वाचता येत नव्हतं. दोन ओळी होत्या. मुलगा गेला. आईनं सतरंजी धुऊन दिली आहे, ताईला पोचवा म्हणाली.

आजीनं विचारलं, काय लिवलं? मी सांगितलं. ती थोडा वेळ वात वळत राहिली. मग म्हणाली, "आन तरी धुतली." एवढंच. पुढच्या उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर गेला आणि आजी रोज दुपारी फरशीवर सतरंजी टाकून झोपायला लागली. गार लागते म्हणे. तिच्या शेवटच्या आजारातही पलंगावर तीच होती. तपोवनचा विषय आमच्यात कधी निघाला नाही. मीही काढला नाही. मला मात्र अजून रात्री-बेरात्री एक प्रश्न पडतो. त्या बाईनं ती धुतली केव्हा? मुलगा असताना, की नंतर?

त्यानंतर मी बरीच वर्षं कुठं गेले नाही. लग्न झालं, मुलगी झाली; पण खरं कारण ते नव्हे. मला कुणाच्या दारात उपयोगी पडायला म्हणून जायची भीती बसली होती.

२०१६ मध्ये पानी फाउंडेशनच्या वॉटर कपची पहिली स्पर्धा झाली, महाराष्ट्रातल्या तीन तालुक्यांत, आणि त्यात आमचा वरुड. तिकडे माझं माहेरचं गणगोत. संत्र्याचा मुलूख, पण जमिनीखालचं पाणी इतकं उपसलेलं, की सरकारी नकाशात तालुका डार्क झोनमध्ये. बोअर हजार फुटांकडे चाललेले, आणि तिथंही फुफाटा. मे महिन्यात मी बारा वर्षांच्या लेकीला आणि सतरंजीला घेऊन गेले. या वेळी जाताच काही हाती घेतलं नाही. विचारलं. एका पोरानं पाण्याची नळी बांधलेल्या दोन काठ्या हातात दिल्या. "मावशी, दोन्हीकडचं पाणी एका रेघेवर आलं की हो म्हना." एवढंच काम. उतारावर सलग समतल चर आखायचे असतील तर रेघ समपातळीतच हवी. जरा तिरपी झाली की पाणी एका टोकाला धावतं आणि चर फोडून निघून जातं. मी सकाळभर नळीतल्या पाण्याकडे बघून "हो" म्हणत होते. इतकं समाधानाचं काम मी आयुष्यात केलेलं नाही.

उन्हं तापल्यावर सगळे लिंबाखाली आले. सतरंजी अंथरली होती. कडेला एक मजूरबाई उभी होती, सकाळी दुसऱ्याच्या वावरात काम करून आलेली. मी म्हटलं, बसा ना बाई. ती बसली, पाठ टेकली, आणि फोटो काढणाऱ्या पोरांकडे बघत म्हणाली, "आमचं त रोजचंच श्रमदान हाय. तुमी आठ दिस करता, त फोटू निघते." रागानं नव्हे, चिडवल्यासारखं. मला उत्तर सुचलं नाही. तिला ते नकोही होतं. तिनं सतरंजीचा काठ बोटांत धरून पाहिला, अगदी आजीसारखा, धागे मोजल्यासारखा.

"कोठची वं हे?"

"तपोवनची."

"मंग टिकन अजून," असं म्हणून तिनं पदर तोंडावर ओढला. पाचच मिनिटांत घोरायला लागली. चार वाजता शिट्टी झाली, पोरं फावडी उचलून उतारावर गेली. लेक सतरंजी गुंडाळायला आली. मी तिला बोटानंच थांबवलं आणि दोन्ही काठ्या घेऊन वर निघाले.