चावणारे जोडे

मुलीचे लग्न मार्गशीर्षात ठरले आणि शिकागोहून मेहुण्याचा फोन आला. "भाऊजी, बूट माझ्याकडून. कॉर्डोव्हनचे. घाट कुठला, तेवढे सांगा."

घोड्याच्या पुठ्ठ्यावरच्या कातड्यात एक घट्ट, तंतुमय थर असतो. कॉर्डोव्हन त्याचे करतात. नाव स्पेनमधल्या कॉर्दोबा शहरावरून आले. शिकागोत हॉर्वीन हा १९०५ सालचा कातडे कमावण्याचा कारखाना आहे. तिथे या कामाला किमान सहा महिने लागतात. या चामड्यावर बारीक सुरकुत्या पडत नाहीत, मऊ वळ्या पडतात. तळ बदलत राहिले तर जोड मालकापेक्षाही जास्त टिकावा. माझ्या बाबतीत ही शक्यता अंमळ अधिकच.

मला मधुमेह आहे आणि तळपायांची जाणीव बोथट होत चालली आहे. गेल्या दिवाळीत पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर गेलो, तेव्हा पायात नवी कापशी होती. म्हशीचे कातडे, बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले. वडील हीच वापरत. घरी परतलो तर पत्नीला फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलवटून निघाली होती आणि मला पत्ता नव्हता. नवी वहाण चावते, अशी कुरकुर मी जन्मभर केली. ती कुरकुर करता येणे ही केवढी चैन होती! डॉक्टरांनी उघडी पादत्राणे बंद केली.

तेव्हा बूटच. पण कुठला? ऑक्सफर्ड सर्वांत रुबाबदार. त्यात नाडीच्या दोन्ही पट्ट्या पुढच्या चामड्याखाली शिवलेल्या असतात, त्यामुळे संध्याकाळी सुजलेल्या पायाला तो जागा देत नाही. लोफर उंबरठ्यापाशी चटकन निघतो. आपल्याकडे हा गुण लहान नव्हे. मांडवात तर दहादा जोडे काढायचे. (पळवतात ते नवरदेवाचे, वधुपित्याच्या जोड्यांना कोणी विचारत नाही.) पण नाडी नसल्याने तो केवळ घट्टपणावर पायात राहतो, आणि घट्टपणा मला कळत नाही. उरला डर्बी. त्याच्या पट्ट्या वरून शिवलेल्या, मोकळ्या. नाडी सैल केली की उघडतात. जाणकार त्याला ऑक्सफर्डपेक्षा एक पायरी खाली बसवतात. बसवोत.

माप घ्यायला ठाण्याला गोखले रोडवरच्या एका दुकानात गेलो, मुद्दाम संध्याकाळी. विक्रेत्याने नमुन्याचा डर्बी चढवला, अंगठ्याने चवडा दाबला आणि विचारले, "टोचतंय का, काका?"

"नाही," मी म्हणालो. उत्तर खरे होते आणि निरुपयोगी होते. त्याने पुन्हा विचारले, मी पुन्हा तेच सांगितले. मग कारण सांगावे लागले. चारचौघांत ते सांगताना बूट काढण्यापेक्षा जास्त संकोच वाटला. तो काही बोलला नाही. कोरा कागद जमिनीवर ठेवून त्याने मला त्यावर उभे केले, दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवली आणि बुटातला सुटा तळ त्या रेघेवर ठेवला. करंगळीच्या बाजूने पाऊल बोटभर बाहेर होते. हा बूट मी आनंदाने विकत घेतला असता.

त्या कागदाचा फोटो मेहुण्याला पाठवला आहे. डर्बी, चवड्याशी रुंद, आतून बोटांवर शिवण नको, रंग काळपट तांबडा. हे चामडे सुरुवातीला ताठ असते, म्हणून लग्नाच्या दोन महिने आधी हवेत. रोज अर्धा तास घरातल्या घरात घालायचे, घालण्यापूर्वी आत हात फिरवायचा, काढल्यावर पत्नीचा हातआरसा तळपायाखाली धरायचा. आरसा तिने आत्ताच कपाटातून काढून ठेवला आहे.