गाव कोणी राखलं?

जपानमध्ये सुकियाकी नावाचं जेवण असतं. मांस, भाजी सगळं एकाच पातेल्यात शिजवायचं. ताकाशी मिइके या दिग्दर्शकाने २००७ साली 'सुकियाकी वेस्टर्न जँगो' काढला, तोही तसाच. जपानी नट, अंगावर झकपक कपडे, कमरेला पिस्तूल आणि तोंडात इंग्रजी! नातवाने मोबाइलवर दाखवला. रक्त इतकं, की आमची ही मधेच उठून गेली. मी मात्र शेवटपर्यंत बघितला.

कथा साधी. गावात सोनं आहे अशी आवई उठते. एक तांबडी टोळी येते, मग पांढरी येते. दोघांच्या मारामारीत गाव उजाड होतं. मग एक अनोळखी बंदूकवाला येतो.

हे आपल्याला नवीन नाही. कुरोसावाचा 'सेव्हन सामुराई' १९५४ चा. त्यावरून अमेरिकेत 'द मॅग्निफिसंट सेव्हन' झाला आणि त्याच वळणावर आपला १९७५ चा 'शोले'. मुंबईत मिनर्व्हाला तो पाच वर्षं चालला. आम्ही पोरं दादरला फुलं टाकून तसेच तिकडे जायचो, रिकाम्या टोपल्या घेऊन. सगळ्यांना जय-वीरू व्हायचं होतं. गब्बरच्या माणसांना धान्याची पोती देणारा शेतकरी व्हायचं कोणाच्या मनात नव्हतं. खरं तर आम्ही तेच होतो.

पुढे आमच्या वसईतही सोनं निघालं. ते म्हणजे जमीन. ऐंशीच्या दशकात वाड्यांचे भाव बोलले जाऊ लागले. अनोळखी गाड्या बांधावर थांबायला लागल्या. नाही म्हणणाऱ्याला दम मिळायचा. तेव्हा घोड्यावरून कोणी आला नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारखी माणसं पुढे झाली, हरित वसईची चळवळ उभी राहिली. मोर्चात होत्या त्या डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या बाया, म्हातारे, शाळकरी पोरं. कोणाच्या हातात काठीसुद्धा नव्हती.

'सेव्हन सामुराई'च्या शेवटी सातांतले चार सामुराई मेलेले असतात आणि शेतकरी गाणी म्हणत भात लावत असतात. त्यांचा म्होरक्या म्हणतो, जिंकले ते हे, आपण नाही. मिइकेच्या सिनेमात मला शेत लावणारं माणूस दिसलं नाही. मग त्या बंदूकवाल्याने राखलं तरी काय?

सगळं आम्हालाही राखता आलं नाही. नालासोपाऱ्याकडे इमारती चढल्या. टँकर विहिरी उपसून गेले. भुईगावात आमची केळी अजून उभी आहेत, पण मे महिन्यात विहिरीचं पाणी मचूळ लागतं. पावसाचं पाणी विहिरीत सोडायला यंदा चर खणायचाय. शेजारच्या तीन घरांनी फावडी आणायचं कबूल केलंय.