ड्रोनचं कॅलिब्रेशन : रोज, महिन्याने की गरज पडेल तेव्हा?



स्नेहसंमेलन असो, क्रीडा सप्ताह असो की प्रभातफेरी, हल्ली ड्रोनशिवाय कार्यक्रम झाल्यासारखा वाटतच नाही. आमच्या मुर्धा गावात तो आधी हळदीच्या मांडवावर फिरायचा, मग हळूहळू शाळेच्या मैदानावर आला. कधी व्हिडिओवाले दादा आणतात, कधी एखाद्या पालकाकडे तो 249 ग्रॅमचा छोटा ड्रोन असतो आणि ते हौसेने आणतात. उडवणारे ते असले तरी खाली उभी असलेली मुलं आपली असतात. म्हणून हा विषय मी थोडा खोलात जाऊन समजून घेतला. प्रश्न एकच होता, ड्रोनचे सेन्सर कधी आणि कितीदा कॅलिब्रेट करायचे?

विचारलं की दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, प्रत्येक वेळी उडवण्याआधी करायचंच, नारळ फोडल्यासारखं. दुसरे म्हणतात, घेतल्यापासून हात लावला नाही, मस्त उडतोय. या दोघांतून एक निवडायचं झालं तर मी दुसऱ्याच्या बाजूला झुकेन. ऐकायला उलटं वाटेल, पण कारण सांगते.

कॅलिब्रेशन म्हणजे काय, हे मुलांना सांगताना मी मासळी बाजारातला वजनकाटा घेते. काट्यावर काही नसताना 0 दिसायला हवा. नाही दिसला तर मावशी बटण दाबून तो शून्यावर आणतात. म्हणजे काट्याला सांगतात, "आत्ता तुला जे जाणवतंय ना, ते शून्य समज." आता पारड्यात आधीच पावशेर कोळंबी असताना ते बटण दाबलं तर? काटा बिचारा ऐकेल. पण पारडं रिकामं केल्यावर दिवसभर प्रत्येक वजन पावशेराने कमी दाखवेल. काटा बिघडलेला नाही, त्याला शून्यच चुकीचं शिकवलंय. ड्रोनचं अगदी तसंच आहे. चुकीच्या जागी केलेलं कॅलिब्रेशन हे न केलेल्यापेक्षा वाईट.

ड्रोनमध्ये सगळ्यात नाजूक प्रकृतीचं कोण, तर होकायंत्र. पृथ्वीचं चुंबकत्व फार क्षीण आहे. आपल्या मुंबई-अलिबाग पट्ट्यात ते सुमारे 43 मायक्रोटेस्ला भरतं. फ्रिजवर चिकटवायच्या साध्या चुंबकाजवळ याच्या शंभरेक पट ताकद असते. एवढ्या बारीक इशाऱ्यावर ड्रोनला आपलं नाक कुठल्या दिशेला आहे ते ठरवायचं असतं.

त्यात ड्रोनच्या स्वतःच्या अंगात मोटारी, बॅटरी, तारा, त्यांचं थोडं चुंबकत्व. म्हणून कॅलिब्रेशन करताना तो हातात धरून आधी आडवा आणि मग नाक खाली करून उभा असा गोल फिरवतात. या फिरवण्यात फार सुंदर युक्ती आहे. जे चुंबकत्व ड्रोनबरोबर फिरतं ते ड्रोनचं, आणि जे जागचं हलत नाही ते पृथ्वीचं. एवढा हिशोब करून ड्रोन आपलं स्वतःचं वजा करतो. आता फिरवणाऱ्याच्या मनगटावर लोखंडी कडं असेल किंवा ड्रोनला लागून मोबाइल असेल, तर तोही ड्रोनबरोबर गोल फिरतो. ड्रोन त्याला आपलाच अवयव समजतो. मग वर जातो तेव्हा तो अवयव खालीच राहिलेला असतो!

एका कार्यक्रमात मी हे डोळ्यांनी पाहिलं. सिमेंटचा स्टेज, शेजारी लोखंडी ध्वजस्तंभ, दोन बाजूंना माणसाएवढे स्पीकर. स्पीकरच्या पोटात केवढं चुंबक असतं ते आपल्याला माहीतच आहे. अ‍ॅपवर होकायंत्राला अडथळा असल्याची सूचना आली. ड्रोनवाले दादा तिथेच उभे राहून गोल फिरले, कॅलिब्रेशन 'यशस्वी' असं आलं, सूचना गेली. सगळे खूश. ड्रोन दहा-बारा मीटर वर गेला आणि जागेवर थांबायचं सोडून घाण्याच्या बैलासारखा गोल फिरायला लागला. प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा मोठा. सांगणाऱ्याने दिशाच चुकीची सांगितली की असं होतं. जीपीएस म्हणतं आपण पूर्वेला सरकलो, ड्रोन पश्चिमेला जायला बघतो, पण त्याची पश्चिम तिरकी असते, म्हणून तो भलतीकडे जातो, पुन्हा सुधारतो, पुन्हा चुकतो. दादांनी डोकं शांत ठेवून तो रिकाम्या कोपऱ्यात उतरवला. तिसरीतली मुलं टाळ्या वाजवत होती, त्यांना ती कसरतच वाटली. मला मात्र त्या फिरत्या पात्यांखालच्या पन्नास-साठ टाळूच दिसत होत्या.

त्या दिवशी सूचना बरोबर होती. ती म्हणत होती, "इथे लोखंड आहे, इथून हला." दादांनी तिचा अर्थ घेतला, "मला पुन्हा शिकव." सगळी गोम इथे आहे. होकायंत्राची सूचना आली की आधी दहा-वीस पावलं चालायचं. मोकळ्या मातीवर गेल्यावर सूचना आपोआप गेली, तर कॅलिब्रेशनची गरजच नव्हती. तिथेही राहिली, तर मात्र तिथे करायचं.

जागा बदलण्याचं याहून मोठं उदाहरण आपल्या मुंबईतच घडलंय, आणि ते मुलांना गोष्ट म्हणून फार आवडतं. कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेत होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. रुळांतून आणि तारांतून वाहणाऱ्या विजेमुळे कुलाब्याच्या नोंदी बिघडणार हे उघड होतं. तेव्हा संचालक होते नानाभॉय मूस, त्या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. ट्रामचा परिणाम नंतर वजा करत बसायचं, असा मार्ग धरला गेला नाही. अलिबागला नवी वेधशाळा उभारली, तीही चुंबकत्व नसलेलं बांधकाम साहित्य निवडून. 1904 ते 1906 अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आकड्यांशी नवे आकडे जुळवता आले. मग कुलाब्याचं चुंबकीय काम थांबवलं. विजेची ट्राम धावली 1907 साली! त्या दोन वर्षांच्या जोडनोंदींमुळे कुलाबा-अलिबागची मालिका तुटली नाही, आणि आज ती जगातल्या लांबलचक मालिकांपैकी एक आहे. कॅलिब्रेशन याला म्हणतात.

हे वर्गात करून बघायचं असेल तर खर्च काही नाही. सहावीच्या 'चुंबकाची गंमत' या पाठाला जोडून घेता येतं. चार छोटी होकायंत्रं लोखंडी पायांच्या बाकांवर वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. चौघांची चार मतं येतात. मुलांना विचारा, चुकीचं कोणतं? हमखास एकाला आरोपी ठरवतात. मग चारही मैदानात मातीवर एकमेकांपासून लांब ठेवा, चौघांचं एकमत. आपल्या सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट दगडही या खेळात सामील आहे बरं का. त्यात मॅग्नेटाइट असतं, म्हणून गडावर कातळाला टेकवलेलं होकायंत्र कधी कधी भलतीकडे बघतं.

आता 'कितीदा'कडे येऊ. वजनकाट्याला कॅलेंडर असतं, दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन खात्याकडून वर्षाला तपासणी होऊन शिक्का बसतो. ड्रोनला असं सरसकट कॅलेंडर नाही, त्याला प्रसंग आहेत. डीजेआयच्या मिनी मालिकेच्या पुस्तिकेत होकायंत्रासाठी तीन प्रसंग दिलेत : मागच्या उड्डाणाच्या जागेपासून 50 किलोमीटरहून लांब गेलात, 30 दिवसांहून जास्त काळ उडवला नाही, किंवा अडथळ्याची सूचना आली. म्हणजे मुर्ध्याहून उत्तनला नेला तर काही करायचं नाही, नाशिकला नेला तर करायचं. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवतात तसे ड्रोनही कपाटात जातात, तेव्हा पाऊस संपल्यावरचं पहिलं उड्डाण कॅलिब्रेशन करूनच. कपाटात तो स्पीकरशेजारी ठेवला होता का, हेही विचारावं. आणि हे सगळं गच्चीवर करू नका. नव्या इमारतींच्या स्लॅबमध्ये सळ्यांचं जाळं असतं, वरून दिसत नाही एवढंच.

दुसरा सेन्सर आयएमयू. हा ड्रोनचा आतला कान. गिरकी घेतल्यावर मुलांना थांबल्यावरही फिरल्यासारखं वाटतं, तो कानातल्या तोलाचा गोंधळ. ड्रोनमध्ये ते काम जायरोस्कोप आणि अ‍ॅक्सिलरोमीटर करतात. याला लोखंडाचं वावडं नाही, याला हवी सपाट, न हलणारी जागा आणि थंड ड्रोन. आताच उडवून आणलेला गरम ड्रोन घेऊन बसू नये. सूचना आली, ड्रोन जोरात आपटला, किंवा वारा नसताना एकाच बाजूला कलत राहिला तर करायचं. पंखा बंद, टेबल न डुगडुगणारं. डुगडुगणाऱ्या टेबलावर केलं की पुन्हा तीच कोळंबी पारड्यात. फोटोतलं क्षितिज तिरकं येत असेल तर मात्र बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा गिंबल जुळवायचा असतो. तोही सपाट जागेवर, दोन मिनिटांचं काम.

काही दुखणी कॅलिब्रेशनने बरी होतच नाहीत, आणि आमच्याकडे हे मुद्दाम सांगावं लागतं कारण इकडे खाडी आणि मिठागरं आहेत. ड्रोनच्या पोटाखालचे कॅमेरे जमिनीवरची नक्षी बघून जागा धरून ठेवतात. मिठागराच्या साचलेल्या पाण्यावर नक्षी कसली, नुसतं आभाळ! तिथे कमी उंचीवर तो सरकला, तर सेन्सर बिघडलाय असं समजून कॅलिब्रेशन करत बसू नये, उंची वाढवावी किंवा तिथून निघावं. चीर गेलेलं पातं बदलावंच लागतं. जीपीएसला उपग्रह मिळेपर्यंत थांबावं लागतं, त्याला दुसरा इलाज नाही.

परवानगी, ड्रोन नियम 2021, नकाशावरचा हिरवा-पिवळा-लाल भाग हा वेगळ्या लेखाचा विषय. पोलीस ठाण्यात आधी विचारून घ्यायचं, एवढं इथे पुरे.

मैदानावर आता आमची पद्धत अशी : मुलं आखलेल्या रेषेमागे, स्पीकर आणि ध्वजस्तंभ लांब, ड्रोन मातीवर. कॅलिब्रेशन केलं असेल तर कुठे उभं राहून केलं, हे मी ड्रोनवाल्या दादांना विचारते. त्यांना सुरुवातीला राग येतो, मग येत नाही. त्यानंतर ड्रोन फक्त तीन मीटर वर न्यायचा आणि स्टिक सोडून द्यायच्या. तो जागेवर थांबला पाहिजे. थोडासा हलला तर ठीक, पण फेर धरला की लगेच खाली. हे बघण्याचं काम चौथीच्या मुलांकडे दिलंय. ती मोठ्याने तीस आकडे मोजतात, आणि मध्ये ड्रोन हलला तर "दादा, सरकला!" असा जो गलका होतो, तो खाडीपलीकडे ऐकू जात असेल.