थांबा, आजोबा बोलताहेत!

मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो, हे आपण विज्ञानाच्या पुस्तकात वाचतो. बहुतेक माणसांची भाषाही त्याच डाव्या भागावर अवलंबून असते, हे मात्र मला आमच्या आजोबांमुळे कळलं.

२०२३च्या श्रावणात आजोबांना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकली. उजवा हात-पाय लुळा पडला, बोलणं बंद झालं. आजोबा एस.टी.त कंडक्टर होते. भरल्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत ज्यांचा आवाज जायचा, त्यांना आता साधं पाणी मागता येईना.

भेटायला येणारे त्यांच्याशी ओरडून, तान्ह्या बाळाशी बोलावं तसं बोलत. काहीजण तर त्यांच्यासमोरच विचारत, "आता कसं व्हायचं हो यांचं?" आजोबांचे डोळे भरून येत. मग आजी ठणकावून सांगे, "त्यांना सगळं कळतंय. फक्त शब्द सापडत नाहीत!"

आजीचं बरोबर होतं. वाचा-उपचार करणाऱ्या ताई म्हणाल्या, "याला अफेजिया म्हणतात." १८६१ साली पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी असाच एक रुग्ण तपासला होता. तो फक्त 'टॅन' एवढंच म्हणू शके, पण दुसऱ्याचं बोलणं त्याला समजे. त्याच्या मृत्यूनंतर मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा आढळली.

ताईंनी आणखी एक गंमत सांगितली. आकडे, वार, पाढे, भजन असं वर्षानुवर्षं ओळीनं म्हटलेलं काही वेळा शाबूत राहतं. आजीनं लगेच ओळखलं, आजोबांचं काय पाठ असणार ते! ती म्हणाली, "स्वारगेट... कात्रज..." आजोबांचे ओठ हलले. "शि... शिरवळ." आणि मग गाडी सुटलीच! "खंडाळा, सुरूर, भुईंज, सातारा!" आजीनं पदर डोळ्यांना लावला.

पण थांबे आले म्हणून पाणी मागता आलं, असं झालं नाही. मी पाणी, चहा, संडास, दुखतंय अशी चित्रांची कार्डं केली. बाबा कामावर जाण्याआधी त्यांच्याकडून व्यायाम करून घेत. संध्याकाळचा शब्दांचा तास माझा. टी.व्ही. बंद, एका वेळी एकानंच बोलायचं आणि त्यांचा शब्द आपण घाईनं पुरा करायचा नाही, असा नियम होता. एकदा मला हाक मारताना त्यांच्या तोंडून 'शिरवळ' निघालं. सगळ्यांत आधी आजोबाच हसले! आठ महिन्यांनी ते "चहा दे" म्हणाले. माझं नाव अजून अडखळतं, पण येतं.

तुमच्या घरी कुणाचा चेहरा अचानक वाकडा झाला, एक हात उचलेना किंवा बोलणं अडखळलं, तर घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा आणि लगेच १०८ला फोन करा. खायला-प्यायला काही देऊ नका. गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देतात. त्याआधी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही ना, हेही पाहावं लागतं.

आणि अशा आजारी माणसाला भेटायला गेलात, तर ओरडू नका. शेजारी बसा, एकच प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.