वेस्टॉलचा बोरघाट

आमच्या वडनेरच्या शिवारात डोंगर नाही; आहे ती काळी माती आणि कपाशी. त्यामुळेच असेल, बोरघाटाचे हे चित्र प्रथम पाहिले तेव्हा इतिहास विसरून मी नुसती कड्यांकडे पाहत राहिले.

चित्रकार विल्यम वेस्टॉल. जेमतेम विशीत, 1801 मध्ये, तो मॅथ्यू फ्लिंडर्सच्या मोहिमेबरोबर ऑस्ट्रेलियाला निघाला. 1803 मध्ये परतीचे जहाज प्रवाळखडकावर फुटले, चित्रे भिजली. त्या उजाड किनाऱ्याला तो आधीच कंटाळला होता. जोसेफ बँक्स यांना पत्र लिहून त्याने तशी तक्रारही केली. चीनमार्गे 1804 मध्ये तो मुंबईस आला, आणि हवे होते ते रान त्याला सह्याद्रीत सापडले. पुढे ग्रिंडलेच्या चित्रग्रंथात (1826–30) त्याचा बोरघाट छापला गेला.

पण रान कसले? कोकण आणि देश जोडणारी ही राबती वाट. इंग्रज फौज याच घाटाने तोफा ओढत चढली आणि 1779 मध्ये वडगावला तिने हार मानली. वेस्टॉल आला तेव्हा मात्र पेशवे वसईच्या तहाने इंग्रजांच्या आश्रयाला गेले होते. शिवाय डिसेंबर 1803 मध्ये, देवगावच्या तहाने, नागपूरकर भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला होता. नदीच्या पूर्वेचे आमचे वडनेर भोसल्यांकडे राहिले, पण सरहद्द जवळ आली.

चित्रात यातले काही नाही. तरीही त्याची प्रत मी भिंतीवर लावली आहे, वर्धा खोऱ्याच्या नकाशाशेजारी.